घर चुकलेला गृहस्थ

माझा मुलगा क्लेम जेवायला बसतो तेव्हा त्याच्या कानामागे पिवळा रंग असतो. दोन वर्षं मी हे बघते आहे. तीस वर्षांचा घोडा, लग्न झालेला, आणि कानामागे रंग! नटानं आपलं सोंग थिएटरात उतरवून ठेवायचं असतं. ते अंगावर घेऊन जो ट्रामगाडीत बसतो आणि तसाच आईच्या ताटासमोर येतो, त्याला आमच्या वेळी नाटकमंडळीतलं कुणी शेजारी बसू देत नसे. आधी लोणी चोळायचं, मग जाडाभरडा टॉवेल, मग साबण, मग परत टॉवेल. कान, मान, केसांची कड. हे मी त्याला तो सहा वर्षांचा असताना शिकवलं होतं. "धुतलंय की गं आई," म्हणतो आणि बटाटे पुढे ओढतो. "काय धुतलंस, आरसा?" म्हटलं की हसतो. त्याची बायको विनी तर त्याहून शहाणी. "असू द्या हो आई, मला आवडतो पिवळा," म्हणते. हिला आवडेलच. ही नाचणाऱ्या पोरींच्या रांगेतून आलेली, डावीकडून सातवी. पण मला कळायला हवं होतं. गालाला गुलाबी, कपाळाला तांबूस, म्हाताऱ्याला मातकट, भुताला पांढरा, चाळीस वर्षांत मी सगळे रंग लावले आणि लावून दिले. पिवळा कुणी लावलेला मी पाहिला नाही. "न्यूअर्कातल्या आमच्या थिएटरात नवे विजेचे दिवे आहेत, त्यांना हाच रंग लागतो," असं त्यानं एकदा सांगितलं आणि मी मान डोलावली. विश्वास बसला म्हणून नव्हे. आणखी विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं, म्हणून.

मी शाळेत गेले ती दोन हिवाळे. वाचायला शिकले ती पाठाच्या कागदांवरून. आमच्या मंडळीत अख्खं नाटक कुणाच्याच हाती देत नसत. प्रत्येकाला लांब पट्ट्या मिळायच्या, त्यांवर फक्त आपली वाक्यं आणि आपल्या आधी बोलणाऱ्याचे शेवटचे तीन शब्द. ते तीन शब्द कानावर पडले की तोंड उघडायचं. समोरचा आधी काय बोलला, का बोलला, हे खेळ उभा राहीपर्यंत माहीत नसायचं, आणि पुष्कळदा खेळ उभा राहिल्यावरही नसायचं. माझं अख्खं आयुष्यच असं गेलं असं मला अलीकडे वाटतं. माणसांचे शेवटचे तीन शब्द मी फार लक्ष देऊन ऐकले, आणि लगेच माझं वाक्य म्हटलं. पण आम्ही पेनिमन होतो. माझे यजमान ऑर्विल पेनिमन, त्यांना सगळे पेनिमनच म्हणत, मीसुद्धा. त्यांचा आवाज वरच्या स्वस्त बाकांवर शेंगदाणे खाणाऱ्या माणसाचा हात थांबवायचा. आम्ही सर्कशीत गेलो नाही, जत्रेच्या तंबूत गेलो नाही, दोन डोक्यांच्या वासराशेजारी उभं राहून कधी पद म्हटलं नाही. आणि ही हलती चित्रं आली तेव्हा तर मी स्पष्टच सांगितलं होतं, की आवाज काढून घेतलेला नट म्हणजे नुसता कपड्यांचा गठ्ठा. त्यात काम करणारा आमच्यात मेल्यात जमा. असा कुणी रस्त्यात समोरून आला तर ओळखीचे लोक दुकानाच्या काचेकडे वळून टोप्यांचे भाव वाचत उभे राहत. चित्रवालेही त्यांची नावं लावत नसत, आणि नटांना तेच बरं वाटायचं. हे सगळं मी याच टेबलापाशी बसून बोलले आहे, हातवारे करून, क्लेमच्या समोर. तो खाली मान घालून पाव खायचा. मला वाटायचं, ऐकतोय.

गेल्या मंगळवारी दुपारी कॉड मासा आणायला नवव्या रस्त्यावर गेले होते आणि माझ्या बुटाची टाच निघाली. निघाली ती अशी, की पुढचं पाऊल टाकताना मी एका पिपाला धरून उभी राहिले आणि दोन पोरी माझ्याकडे बघून फिदीफिदी हसल्या. चांभार समोरच होता. "अर्धा तास लागेल बाई," म्हणाला. त्याच्या दुकानात बसायला जागा नव्हती, उन्हात एका पायावर उभं राहणं माझ्या वयाला शोभत नव्हतं, आणि शेजारी पाच सेंटांचं चित्रगृह होतं. पूर्वी तिथं शवपेट्या विकायचे. खुर्च्या दिसल्या, आत गेले. एका पायात बूट, एका पायात मोजा. आत संत्र्यांच्या सालांचा आणि माणसांचा वास, कोपऱ्यात एक मुलगी पियानो बडवत होती. बायकांनी हॅट काढाव्यात अशी पाटी पडद्यावर आली. कुणाच्या सांगण्यावरून हॅट काढायची मला सवय नाही. काढली. मांडीवर हॅट, हॅटवर कॉड मासा, आणि मी ठरवून डोळे मिटले. पण पियानो थांबला, आणि माणसं हसायला लागण्याआधी जशी एकदम गप्प होतात तशी गप्प झाली. ती शांतता मला झोपेतही कळते. डोळे उघडले.

एक गृहस्थ उंच हॅट घालून एका घरात शिरत होता. दाराला किल्ली लागेना म्हणून खिडकीतून. मिशी मोठी, चेहरा पांढराफटक. आत नवराबायको जेवायला बसलेली. यानं त्यांना वाकून नमस्कार केला, हॅट काढून खुंटीवर अडकवली, तिथं खुंटी नव्हती. हॅट पडली, ती यानं पाहिली नाही. मग चालत आला. प्यायलेल्या माणसाचं सोंग करणारे नट झोकांड्या खातात, ते मला कधी आवडलं नाही. प्यायलेला माणूस झोकांड्या खात नाही, तो फार सांभाळून, फार अब्रूनं चालतो. हा तसा चालला. प्रत्येक पाऊल ठेवण्याआधी जमिनीची परवानगी घेतल्यासारखा. मधोमध येऊन उभा राहिला, काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखा, आणि खाली गेला. पुढे नाही, मागे नाही. खुंटीवरून कोट निसटावा तसा सरळ खाली. मग त्याचा डावा हात वर आला. एकेक बोट उघडलं. हात खुर्ची शोधू लागला, घरच्या बाईनं खुर्ची हळूच बाजूला घेतली, हात हवेवर मिटला. मग त्यानं तोंड आमच्याकडे वळवलं, एक भुवई वर नेली, आणि थांबला. थांबला. आणखी थांबला. पडद्यावर अक्षरं आली, 'माफ करा, घर चुकलेलं दिसतंय.' मी हसले. ओठांनी नव्हे, पोटातून; हॅटवरचा मासा हलला इतकी हसले. शेजारी एक जाडजूड बाई होती, मांडीवर कोबी. तिनं मला कोपरानं ढोसलं. "मंगळवारी हमखास असतो हा मेला. आम्ही याला लटपट्या म्हणतो. नाव कुणाला ठाऊक? माझा नवरा गेल्यापासून मी हसले असेन तर याच्यापायी." मी तिला काहीतरी उत्तर देणार होते. हसता हसताच मला ती बोटं दिसली होती. चित्र पुढे गेलं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर बोटंच उघडत होती, करंगळीपासून, एकेक, जशी माझ्या क्लेमची जन्मल्यापासून उघडतात, आणि जशी दुसऱ्या एका माणसाची उघडायची. कानशिलं तापली. बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का हो?" म्हटलं, "मासा जड आहे."

मी उठले नाही. टाच केव्हाच लागून तयार असेल, हे माहीत असूनही उठले नाही. चार चित्रं गेली, एक आगीचं, एक घोड्यांचं, बाकीची आठवत नाहीत, आणि मग तेच परत आलं. मला एकच बघायचं होतं. आता कळल्यावर मी हसते की नाही. हात वर आला. बोटं उघडली. खुर्ची सरकली. मी दात दाबून धरले. मग ती भुवई वर गेली आणि तो थांबला, आणि मला पुन्हा हसू आलं. आवरता आलं नाही. ती भुवई, ते थांबणं, लोकांना श्वास घेऊ देणं आणि श्वास सोडण्याच्या आत वाक्य टाकणं, ते कुणाचं आहे हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. माणूस आरशात स्वतःला बघून हसतो का? मी हसले. शेजारची बाई खूश झाली. "बघा," ती म्हणाली, "दुसऱ्यांदा जास्तच येतं."

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. ओहायोत आहे, आणि तिथली पुष्कळ माणसं अजून जिवंत असतील. १८८७ सालचा फेब्रुवारी. आम्ही दारूबंदीचं नाटक घेऊन फिरत होतो. त्या दिवसांत तेवढ्या एका नाटकाला चर्चमधली माणसं यायची, नाटक म्हणजे पाप असं आयुष्यभर सांगणारी माणसं, बायकापोरांना घेऊन. दाराशी टेबल असायचं, त्यावर 'मी दारूला शिवणार नाही' असे छापील कागद. खेळ संपला की लोक रडत रडत सह्या करायचे. पेनिमन दारुडा व्हायचे, मी त्याची बायको. दारुडा तिसऱ्या अंकात घरी येतो तेव्हा त्याची मुलगी नुकतीच मेलेली असते. मुलीचं काम आमचीच मुलगी, पर्ल, करायची. आठ वर्षांची होती, आणि मरायची अशी, की विंगेतले आमचेच लोक डोळे पुसायचे. जानेवारीत तिला लाल ताप आला आणि ती इंडियानात एका गावी खरीच गेली. पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी पकडली, कारण पुढच्या गावाचं थिएटर ठरलेलं होतं. काम कोण करणार? मी क्लेमला पर्लचा झोपायचा झगा घातला, तिचा केसांचा टोप त्याच्या डोक्यावर बसवला आणि सांगितलं, डोळे मिटून पडायचं, नाक खाजलं तरी हलायचं नाही.  पेनिमननी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "टोप जरा मोठा होतोय," एवढंच म्हणाले. मी तो मागून टाचणीनं आवळला. तीन आठवडे खेळ केले. ते पिऊ लागलेत, हे मला माहीत होतं. घरात मला माहीत नसलेलं काही नसतं. रंग लावताना त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा. मी म्हटलं नाही काही, कारण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जात होता.

त्या शनिवारी दुपारचा खेळ होता. पहिल्या रांगेत चर्चमधले मानकरी, काळे कोट, काळ्या हातमोज्यांतली बायकामंडळी. पेनिमन तिसऱ्या अंकात आले ते फार सांभाळून, फार अब्रूनं चालत आले, आणि मला पहिल्याच पावलाला कळलं. लोकांना नाही कळलं. लोकांना वाटलं, केवढी ही कला! एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "काय हुबेहूब आहे हो!" आणि टाळ्या पडल्या. दारूला शिव्या द्यायला आलेली माणसं खऱ्या दारूला टाळ्या देत होती. पेनिमन पलंगापाशी आले. तिथं त्यांनी मुलीचं नाटकातलं नाव घेऊन हंबरडा फोडायचा असतो. ते उभे राहिले, झग्याकडे बघितलं, आणि अगदी हळू, माझ्यापुरतं, "पर्ल" म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा काय दिसलं ते मी चोवीस वर्षांत एकदाही शब्दांत मांडलं नाही, आताही मांडत नाही.  खुंटीवरून कोट निसटावा तसे खाली गेले, आणि डावा हात माझ्या दिशेनं वर आला. करंगळीपासून एकेक बोट उघडलं. मी हातभर अंतरावर होते. नुसता हात पुढे करायचा होता. तेवढ्यात त्यांच्या कोटातून बाटली निसटली आणि दिव्यांच्या दिशेनं गडगडत गेली. पहिल्या रांगेला वास गेला. टाळ्या थांबल्या, कुजबुज झाली, एक मानकरी उठून उभा राहिला. अजून दोन श्वास, आणि अख्ख्या सभागृहाला कळणार होतं. त्यानंतर त्या भागात एकाही गावानं आम्हाला दार उघडलं नसतं. हा हिशेब मी तिथंच केला, त्या बोटांकडे बघत. आणि माझा हात मी शालीत घेतला. पाऊलभर मागे सरले. त्यांचा हात हवेवर मिटला. मी लोकांकडे वळले, भुवई वर नेली, थांबले, जेवढं थांबायला हवं त्याहून एक श्वास जास्त थांबले, आणि म्हटलं, "या गृहस्थांचं घर चुकलेलं दिसतंय." छप्पर उडेल असा हशा आला. उभा राहिलेला मानकरीसुद्धा खाली बसून गुडघे बडवू लागला. पडदा पाडला. त्या दिवशी दाराशी कधी नव्हत्या एवढ्या सह्या झाल्या.

पेनिमन शुद्धीवर आले ते खोलीतल्या तोंड धुवायच्या भांड्यापाशी. मी वाट बघत होते, की आता बोलतील, मारतील, भांडं फेकतील. त्यांनी तोंड पुसलं, टॉवेलची घडी केली, आणि म्हणाले, "वेळ अचूक साधलीस, हेस्टर." टोमणा असता तर मी सोसला असता. टोमणा नव्हता तो. एका नटानं दुसऱ्याला दिलेली दाद होती. त्यानंतर ते रंगमंचावर आले नाहीत. विंगेत बसून दुसऱ्यांना वाक्यं सांगायचे, तिकिटं फाडायचे, दिव्यांच्या काचा पुसायचे. चार वर्षांनी बफेलोला वारले. लोकांना मी सांगत आले, की घशाचं दुखणं होतं. क्लेमनं त्याच संध्याकाळी विचारलं होतं, "आई, बाबा पडले का?" पलंगाच्या पडद्यामुळे त्याला मी दिसत नव्हते, त्यानं डोळे किलकिले करून पाहिलं होतं ते फक्त खाली पडलेले बाबा, तो हात, आणि पलंगापाशी ठेवलेली खुर्ची. मी म्हटलं, "पडले नाहीत रे, पडून दाखवलं. चर्चमधल्या माणसांना हसवणं सोपं का असतं? तुझे बाबा फार मोठे नट." कानांवर आलेल्या टोपामुळे वाक्य कुणाचं ते त्याला कळलं नव्हतं; मी भुवई वर नेऊन, थांबून, ते बाबांचं म्हणून त्याला करून दाखवलं. त्याचे डोळे लुकलुकले. दुसऱ्या दिवसापासून पोरगं प्रत्येक खानावळीच्या वऱ्हांड्यात तसं पडायचा सराव करू लागलं. एकदा पेनिमननी खोलीचं दार उघडलं, त्याला पडताना बघितलं, आत जाऊन उशी आणली आणि त्याचं डोकं जिथं आपटत होतं नेमकी तिथं ठेवली. दार लावून घेतलं. मी जिन्यावर उभी होते, हातात इस्त्रीचे कपडे. तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरही अनेकदा आलं असतं. आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, बापाची दुसरी कोणती गोष्ट आहे या पोराकडे?

त्या मंगळवारी संध्याकाळी मी मासा तळत होते आणि क्लेम लवकर आला. विनीनं ताटं मांडली, आणि दोघं एकमेकांकडे बघू लागली. नवराबायको असं बघू लागली की समजावं, आधीच काहीतरी ठरलेलं आहे. "आई," क्लेम म्हणाला, "बस जरा. मी न्यूअर्कला जात नाही."

"माहीत आहे."

"नदी ओलांडतो, पण थिएटरात नाही, तिथं... काय माहीत आहे?"

"काचेच्या छपराखाली उभा राहून तोंड पिवळं करून घेतोस, पडद्यावर पांढरं दिसावं म्हणून, ते. आज दुपारी बघून आले."

विनीच्या हातून काटा पडला. "तुम्ही? पाच सेंटवाल्यात? पैसे देऊन?"

"फुकट कुणी आत घेईना."

"अगंबाई! मग हसलात का?"

"मासा लागतोय तिकडे, बघ जरा." विनीनं तवा उतरवला. पण ती गालात हसत होती, आणि क्लेम माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं होतं की आता माफी मागेल. दोन वर्षं खोटं बोललो, तुझं नाक कापलं, असं काहीतरी. मग मी चार शब्द सुनावले असते आणि दोघं सुटलो असतो. तो खुर्ची पुढे ओढून बसला. "कंपनी आता नटांची नावं लावणार आहे. पाट्यांवर, मोठ्या अक्षरात. लोक पत्रं लिहून विचारतात, हा कोण म्हणून. सप्टेंबरात सगळे कॅलिफोर्नियाला जाणार, तूही चल. उद्या मला नाव द्यायचंय. आणि मला बाबांचं नाव हवंय. ऑर्विल पेनिमन, धाकटा."

"तुझं नाव काय झिजलं?"

"क्लेम पेनिमन कोण? कुणी नाही. हे सगळं त्यांचंच आहे, आई. ते पडणं, तो हात, ती भुवई, ते वाक्य. मी नुसतं उचललं. मी सहा वर्षांचा होतो, पण तो हशा अजून माझ्या कानात आहे. त्यांचा घसा बसला आणि लोक त्यांना विसरले. एवढा मोठा विनोदी नट, आणि कुणाला नाव माहीत नाही. आता देशभर होईल. पण तू नको म्हणालीस तर लावणार नाही. विनीला विचार, मी तिला तसंच सांगितलंय."

"तसंच म्हणाले," विनी म्हणाली. "आईचा शब्द शेवटचा."

मी पावाचा तुकडा मोडत बसले. नको म्हणणं अगदी सोपं होतं. पेनिमन नाव असल्या ठिकाणी लागणार नाही, एवढं म्हटलं की झालं. म्हातारी खडूस आहे म्हणून दोघांनी ऐकून घेतलं असतं आणि माझं खोटं जिथं होतं तिथं राहिलं असतं. हो म्हणणं त्याहून सोपं. मग त्या माणसाचं नाव गावोगाव लागलं असतं, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट क्षणावर, आणि कोबीवाल्या बायका पोट धरून हसल्या असत्या, आणि मुलानं ते बापावरच्या प्रेमानं केलं असतं. तिसरं जे होतं ते म्हणायला मला तोंड नव्हतं. माझी सून समोर बसली होती. डावीकडून सातवी. हिच्यासमोर मी दोन वर्षं आमच्या घराण्याच्या गोष्टी सांगत होते.

"दाखवा ना आईंना," विनी क्लेमला म्हणाली. "पडद्यावर सगळं करडं दिसतं. समोर बघण्यात गंमत वेगळी."

"इथं?" तो म्हणाला, पण उठलासुद्धा. नटाला कुणी 'दाखव' म्हणायचा अवकाश. त्यानं टेबल सरकवलं, माझ्याजवळची रिकामी खुर्ची मोजून ठेवली, दारापर्यंत गेला आणि वळला. मिशी नाही, पांढरा चेहरा नाही, आणि तरी तो आमच्या स्वयंपाकघरात शिरला तेव्हा मी धरायला टेबलाची कड शोधली. जमिनीची परवानगी घेत आला. माझ्यासमोर उभा राहिला, काहीतरी आठवल्यासारखा. खाली गेला. डावा हात वर आला, तळलेल्या माशाच्या धुरात, आणि करंगळी उघडली, मग दुसरं बोट, मग तिसरं. खुर्चीकडे जायला त्याच्या हाताला माझ्या गुडघ्यावरून जावं लागत होतं. तो हात माझ्या हातापासून चार बोटांवर आला. धरायचा होता. एवढंच. आता कुणी काळे कोट बसले नव्हते, कुठली गावं दारं लावून घेणार नव्हती, आणि मी साठीची झाले आहे. माझा हात मागे गेला. मी नेला नाही, तो गेला, आणि ॲप्रनच्या खिशात लपला. विनी खदखदून हसली. मग तिचं माझ्या खिशाकडे लक्ष गेलं आणि ती हसायची थांबली.

क्लेम जमिनीवरून वर बघत होता, दमलेला, तोंडभर हसत, खुर्चीचा पाय मुठीत धरून. "बरोबर आहे ना?" तो म्हणाला. "अगदी असंच होतं ना, आई?"

"नाही," मी म्हटलं. "चुकतोयस. चोवीस वर्षं चुकतोयस, आणि तुला तसं मी शिकवलं. ते खुर्ची शोधत नव्हते. पर्लला पुरून तीन आठवडे झाले होते, तू तिच्या झग्यात पडला होतास, ते प्यायले होते आणि खरोखर पडले, आणि माझा हात शोधत होते. मी तो काढून घेतला. लोकांना त्यांनी हसवलं नाही, मी हसवलं. भुवई माझी, वाक्य माझं. तू पड बाबा, जन्मभर पड, तुझ्याइतकं चांगलं पडणारा मी दुसरा पाहिला नाही. पण तुझ्या बाबांचं नाव त्यावर लागणार नाही. कुणाचं लावायचंच असेल तर माझं लाव."